फ्रिजच्या दारातली बरकत

"अक्का, ही बाटली संपंना झालीया."

दस्तगीर मास्तरांनी इन्सुलिनची बाटली दाराच्या उजेडात धरली आणि एक डोळा मिटून आत पाहिलं. क्लॅरिनेट पुसून झाल्यावर आरपार बघायची त्यांना सवय होती, तसंच.

"संपत नसेल तर बरंच आहे की," मी म्हणाले. मी सोड्याच्या बाटल्या पुसत होते.

"बरं कसं? परवा तळाला गेलती. म्हटलं आता दोन दिस. आज बघतोय तर पुन्हा निम्म्याला!"

"घेता तरी का, का नुसती हुंगून ठेवता?"

"अल्लाशपथ घेतो की वो. सकाळी येक, सांजचं येक." मग त्यांनी इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. "अक्का, ओढ्याकडच्या पीराची बरकत हाय ही. चार गुरुवार झालं, उदबत्ती लावतोय."

मी पुढची बाटली पुसायला घेतली. एका लिंबाच्या सरबताला किती पाक पडतो आणि किती पडायला पाहिजे, यातल्या फरकावर मी संसार केलेला. एखादी वस्तू आपोआप वाढली, असं कुणी म्हटलं की ती दुसरीकडं कुठं कमी झाली, हे मी आधी बघते.

ही पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. जयसिंगपुरात आमचं चौगुले कोल्ड्रिंक हाऊस. आमचे हे साखर कारखान्यात कारकून आणि मी दिवसभर साखरेचा पाक करून विकणार, म्हणजे गल्लीतल्या मधुमेहाला आमच्या घराचा दोन्ही बाजूंनी हातभार. त्याचं प्रायश्चित्त म्हणा नाहीतर गिऱ्हाईक टिकवायची युक्ती म्हणा, गल्लीतल्या चौघांचं इन्सुलिन माझ्या फ्रिजमध्ये असायचं. मागच्या खोलीत दूध-सायीसाठी एक घरगुती फ्रिज होता. त्याच्या दारात अंडी ठेवायच्या गोल खाचा. आम्ही जैन. फ्रिज घेतला तेव्हा सासूबाईंनी त्या खाचा बघून दुकानदाराला सांगितलं होतं, "ह्या काढा आणि तेवढे पैसे कमी करा." खाचाही निघाल्या नाहीत आणि पैसेही कमी झाले नाहीत. बरीच वर्षं त्यात लिंबं बसली. मग एकदा कळलं की इन्सुलिनची बाटली त्यात माप घेतल्यासारखी बसते.

ओळखायला प्रत्येक बाटलीच्या गळ्यात दोरा. मास्तरांचा हिरवा. गार्डसाहेबांना खरं तर तो हिरवाच पाहिजे होता, पण मास्तर आधी आलेले. "मग लाल बांधा," साहेब म्हणाले, "म्हणजे निदान कुणी हात लावणार नाही."

हे गार्डसाहेब म्हणजे रघुनाथ बिडकर, रेल्वेतनं रिटायर झालेले. त्यांच्या घरी स्वतःचा फ्रिज होता. पण नवरा-बायको दोन माणसांसाठी तो चालू ठेवणं ही उधळपट्टी, असं त्यांचं मत. बंद फ्रिजमध्ये ते जुनी वर्तमानपत्रं रचून ठेवायचे. नवीन वर्तमानपत्र माझ्या दुकानाच्या बाकावर बसून वाचायचे, एक ग्लास पाणी घेऊन. पाण्याला मी पैसे लावत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

साहेबांना इन्सुलिन फुकट. महिन्याला पास काढून मिरजेला जायचं, रेल्वेच्या दवाखान्यातनं ठरलेल्या बाटल्या आणायच्या. आमच्या गल्लीत विमा म्हणजे मेल्यावर मिळणारे पैसे. जिवंत असताना औषधाला पैसे मिळायची सोय एकट्या साहेबांची होती, तीसुद्धा नोकरीनं लावून दिलेली. मी एकदा आमच्या विमा एजंटाला मास्तरांसाठी विचारलं. तो म्हणाला, "साखर असलेल्याला कंपनी घेत नाही, अक्का." म्हटलं, "म्हणजे ज्याला काही झालेलं नाही त्यालाच औषधाचे पैसे देणार?" त्यानं मान हलवली, लस्सी संपवली आणि गेला.

मास्तरांचं गणित साधं आणि वाईट होतं. गुलशन ब्रास बँड लग्नसराईत जोरात. आषाढ लागला की लग्नं बंद, वाद्यं पेटीत. पूर्वी गणपतीत दोन पैसे मिळायचे, ते डॉल्बीनं खाल्ले. तुळशीच्या लग्नापर्यंत हात कोरडे. बाटली तेव्हा दीडशेच्या आसपास आणि महिन्याला तीन लागायच्या. सुया वेगळ्या, रक्त तपासायचं वेगळं. सराईत मास्तर हे सगळं ऐटीत आणायचे. पावसाळ्यात त्यांची बाटली फार दिवस पुरायला लागली, तेव्हाच माझ्या लक्षात आलं की हा माणूस निम्मंच टोचून घेतोय.

त्यात उजव्या पायाच्या अंगठ्याला बुटानं जखम झालेली. ती भरेना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल, आणि मग पुढं कुठपर्यंत जाईल ते आत्ता सांगता येत नाही. वरातीत बँडमास्तर नवरदेवाकडं तोंड करून उलटा चालतो. फुंकायचं, नाचायचं, मागं खड्डा आहे की गटार ते पावलानं चाचपायचं. अंगठ्याशिवाय ते व्हायचं नाही. आणि ते नाही झालं तर पेटीतली वाद्यं पेटीतच राहणार, नऊ माणसांच्या पोटासकट.

मी त्यांना म्हटलं होतं, "मास्तर, मी बाटल्या आणते. सराईत द्या पैसे."

"नगं अक्का. उधारीवर सरबत पितो मी तुमचं. औषध न्हाई पिणार."

"मग देऊ नका पैसे."

"मग तर सरबतबी बंद करतो."

असा माणूस. म्हणून त्या दिवशी बरकतीचं नाव निघाल्यावर मी गप्प बसले. कारण पुढचं वाक्य फार महत्त्वाचं होतं.

"पीर म्हणतोय, दस्तगीर, कंजूषी करू नगं," मास्तर म्हणाले. "मी आजपासनं पुरती घेणार. आन अक्का, येक काम करा. बाटली मोजू नका. मोजली की बरकत जातीया."

हे मला नवीन नव्हतं. आमच्याकडंही धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मी मान डोलावली आणि ते गेल्याबरोबर फ्रिज उघडून चारही बाटल्या खिडकीत मांडल्या.

हिरवी जेवढी वर, तेवढीच लाल खाली. साहेबांची बाटली नवी आणून आठवडा झाला नव्हता आणि तळ दिसायला लागला होता.

मी बाटल्या परत खाचांत लावल्या. पाय वाचवायला माणूस काय करील याचा नेम नाही, आणि पीराचं नाव सांगून केलं तर वर पुण्याईही पदरात. दोन दिवस मी मास्तरांकडं नीट बघू शकले नाही. ते बिचारे खुशीत. सरबतात साखर नको म्हणून सांगायचे आणि फुंकणीसारखी मूठ करून एखादी धून तोंडानंच वाजवून दाखवायचे. मी मनात म्हणायचे, वाजवा, वाजवा.

शेवटी साहेबांना बाजूला घेतलं. "साहेब, तुमची बाटली फार लवकर संपायला लागलीय."

त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं नाही. "मग?"

"मग काही नाही. म्हटलं, कानावर घालावं."

"बाटली माझी, रेल्वेची. तुम्ही फक्त जागा दिलीय, चौगुलेबाई. प्लॅटफॉर्मवाल्यानं डब्यात डोकावू नये."

फुकट जागा वापरणारा माणूस मलाच नियम शिकवत होता. पण मला राग आला नाही. मला कोडं पडलं. लिंबाची एक फोड कमी पडली तरी गिऱ्हाईकासमोर तक्रार करणारे साहेब, आणि बाटली रिकामी होतेय तर आरडाओरडा नाही! आणखी एक गोष्ट होती. साहेब पाणी फार प्यायला लागले होते. पूर्वी एक ग्लास व्हायचा, आता जग संपायचा. पाणी फुकट असलं तरी माझी नजर त्यावर असतेच.

कोल्ड्रिंक हाऊसला आरसे लागतात. गिऱ्हाईक स्वतःला बघत बसतं आणि आणखी एक ग्लास मागवतं. माझ्या गल्ल्यासमोरच्या आरशात मात्र मला मागच्या खोलीतला फ्रिज दिसतो. दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब वर्तमानपत्र घडी घालून उठले आणि आत गेले. ही त्यांची टोचायची वेळ नव्हे. मी आरशात बघत राहिले. त्यांनी लाल दोऱ्याच्या बाटलीतनं सुईनं औषध ओढलं. ओढलं ते उजेडात धरून बरोबर आहे का बघितलं. मग हिरव्या दोऱ्याची बाटली उचलली आणि तिच्या रबरी बुचात सुई खुपसून सगळं आत सोडलं.

मी गल्ला तसाच उघडा टाकून आत गेले. आयुष्यात पहिल्यांदा.

"साहेब, गाडी भलत्याच रुळावर चाललीय."

ते दचकले नाहीत. बाटली खाचेत ठेवली, सुईला टोपण लावलं. "सिग्नल बघूनच सोडलीय."

"कधीपासनं?"

"श्रावण लागल्यापासून."

"आणि मी मास्तरांना चोर ठरवून बसले होते!"

"तुम्ही सगळ्यांनाच काही ना काही ठरवता. मला कंजूष ठरवलंय."

"ते गल्लीनं ठरवलंय. मी नुसती मान डोलावली." मी फ्रिजचं दार लावलं. "पण का? तुमचं तर त्यांच्याशी बोलणंसुद्धा नाही."

बोलणं नव्हतं हे खरं. साहेबांच्या मुलीच्या लग्नात वरात मांडवात एकोणीस मिनिटं उशिरा पोचली, म्हणून साहेबांनी भर पंगतीत बिदागीतले पन्नास रुपये कापले होते. उशीर नवरदेवाच्या घोड्यानं केला होता, पण घोडेवाल्याचे पैसे आधीच देऊन झालेले. त्या दिवसापासून मास्तर साहेबांच्या दारावरनं जाताना वाजवणं बंद ठेवायचे. तेवढ्या घरापुरती वरात मुकी चालायची.

"का म्हणजे?" साहेब चिडून म्हणाले. "त्याचा पाय गेला तर वरातीला काय येणार? डॉल्बी! गेल्या गणपतीत माझ्या खिडकीची काच तडकली. हिच्या छातीत धडधडतं. दस्तगीर निदान सुरात आवाज करतो. मी माझ्या काचा वाचवतोय."

"तुमच्या दारावर तर ते वाजवतच नाहीत."

"म्हणूनच तर. त्याच्याइतकी शांत वरात मला दुसरी कोण देणार?"

 मी दुसरं विचारलं. "आणि तुम्ही काय टोचताय? रेल्वे तुम्हाला मोजूनच देते ना?"

"मी गोड सोडलंय. मला कमी पुरतं."

"पुरत नाही. माझा जग रिकामा होतोय."

"पाण्याला तुम्ही पैसे लावत नाही ना?"

"साहेब, संध्याकाळचं सोडलंय ना तुम्ही?"

त्यांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. "त्याला सांगायचं नाही," एवढंच म्हणाले. "कळलं तर गटारात ओतेल."

झालं असं की एका बाटलीवर दोन माणसं निम्मी-निम्मी जगत होती आणि त्यातल्या एकालाच ते ठाऊक होतं. हा हिशेब फार दिवस चालणारा नव्हता. मी रात्रभर नाही, पण दुपारचा चहा होईपर्यंत विचार केला. मास्तर माझ्याकडनं घेत नव्हते. साहेबांकडनं तर मेले तरी घेतले नसते. फक्त पीराकडनं घेत होते. आणि साहेब? साहेब कुणाकडनंही घेत होते.

एकदा एवढं कळल्यावर वाट सोपी होती. दुसऱ्या दिवशी मेडिकलमधनं त्याच नावाच्या, त्याच ताकदीच्या दोन बाटल्या आणल्या आणि लाल दोरे बांधून साहेबांच्या खाचेजवळ ठेवल्या.

"या कुणाच्या?" साहेब.

"तुमच्या."

"बिल कुणाच्या नावावर?"

"कुणाच्याच नाही."

"मग हरकत नाही." त्यांनी बाटली उलटी करून वाचली. "एक्सपायरी बघितलीय ना? नाहीतर हे लोक जुना माल खपवतात."

"बघितलीय. पण संध्याकाळचं आजपासून घ्यायचं. आणि पीराचं काम करताना दर वेळी नवी सुई."

"सुई कोण देणार?"

"सुईही मीच देणार, साहेब."

एका बाटलीतनं दुसऱ्या बाटलीत असं भरायचं नसतं. डॉक्टरांना कळतं तर त्यांनी आम्हा दोघांना दवाखान्यासमोर उभं करून झोडपलं असतं. पण मास्तरांच्या गळी उतरेल अशी दुसरी वाट मला सापडली नाही. महिन्याला किती ग्लास लिंबू-सोडा पीराच्या खाती जमा झाला, ते मी काढलं होतं. सांगत नाही.

गणपती गेले, दसरा आला. मास्तरांच्या अंगठ्यावरचं फडकं लहान होत गेलं. साहेबांचा पाण्याचा जग पुन्हा एका ग्लासावर आला. मी म्हटलं, चला, तुळशीच्या लग्नापर्यंत गाडी पोचतेय.

आणि एक दिवस सकाळीच मास्तर आले. सरबत सांगितलं नाही. गल्ल्यासमोर दोन्ही हात टेकून उभे राहिले. बाहेर बाकावर साहेब नेहमीप्रमाणे वर्तमानपत्रात.

"अक्का, डाक्टर म्हणतोय जखम भरत आलीया. साखर उतरलीया. आणखी महिनाभर असंच ठेवलं तर अंगठ्याला धक्का न्हाई."

"मग पेढे आणायचे सोडून असं तोंड का?"

"त्येनं इचारलं, श्रावणापासनं बाटल्या किती लागल्या. मी म्हटलं, दोन. त्यो हसला. म्हणतो, दोन बाटल्यांत ही साखर उतरत न्हाई, मास्तर. कोण तरी घालतंय."

मी चमचे मोजायला घेतले.

"अक्का, तुमी हिशेबी बाई. माशी बसून उडाली तर किती पाक गेला ते सांगशीला. खरं सांगा. कोण घालतंय?" त्यांनी बाहेर बघितलं नाही, पण मान तिकडं वळवून म्हणाले, "बिडकर तर न्हवं?"

बाहेर वर्तमानपत्राचं पान उलटायचं थांबलं.

"समजा, असले तर?"

"तर आजपासनं औषध बंद. त्या माणसाच्या दारातला वारा नगं मला. पायाचं काय करायचं ते अल्ला बघंल."

ते खरंच तसं करणार होते. मी त्यांना वीस वर्षं ओळखत होते. आणखी एक महिना. आणि तो महिना माझ्या जिभेवर येऊन बसला होता. मी व्यापारी घरातली बाई. चुकीची बेरीज मी कुणाला सांगितलेली नाही, उलट सुटे पैसे जास्त आले तर गिऱ्हाईकाच्या मागं धावलेय.

"मास्तर," मी म्हणाले, "तुम्ही मोजू नका म्हणाला होता. मी मोजलंच नाही."

"तुमी? मोजलं न्हाई?"

"नाही."

"येकदाबी?"

"एकदाही नाही. फ्रिज उघडते, दूध काढते, लावते."

मास्तर माझ्याकडं बघत राहिले. क्लॅरिनेटमधनं बघायचे तसा एक डोळा बारीक करून. मग हळूहळू त्यांचा चेहरा उजळत गेला आणि त्यांनी दोन्ही हात कानाला लावले.

"या अल्ला! बाटली भरती ह्यो चमत्कार मला मोठा वाटत हुता. पण पद्माक्का चौगुले समोरची वस्तू मोजत न्हाई, म्हंजे पीरानं कमालच केली की वो!"

बाहेर साहेबांना जोराचा ठसका लागला. मी त्यांना एक ग्लास पाणी नेऊन दिलं.

तुळशीचं लग्न झालं आणि तिसऱ्याच दिवशी गुलशन बँडची पहिली वरात आमच्या गल्लीतनं गेली. मास्तर पुढं, उलटे, नव्या कॅनव्हासच्या बुटात, अंगठ्यावर उठून गिरक्या घेत. साहेबांच्या घरापाशी वाजवणं बंद. दारात साहेब घड्याळ बघत उभे. वरात मुकाट पुढं गेली आणि कोपऱ्यावर पुन्हा सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी मास्तर दुकानात आले ते हिरव्या दोऱ्याच्या तीन नव्या बाटल्या आणि हातात पितळी ताट घेऊन. बाटल्या खाचेत लावल्या. ताट माझ्यापुढं धरलं.

"पीराला चादर चढवायची हाय. त्येनं येवढं केलं माझ्यासाठी. गल्लीतनं गोळा करतोय, म्हंजे सगळ्यांना पुण्य. अकरा द्या, अक्का."

मी अकरा दिले. आधीचे किती झाले होते ते आठवलं, आणि दिले.

मग मास्तर बाकापाशी गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच साहेबांसमोर उभे राहिले. "पीरासाठी मागतोय," ते वर्तमानपत्राला म्हणाले, "माझ्यासाठी न्हाई."

"किती?"

"समदी अकरा देतात."

"मी पाच देईन." साहेबांनी नाणं काढलं, दोन्ही बाजू बघितल्या आणि ताटात टाकलं. "आणि चादर ठरल्या वेळेला चढवा म्हणावं."

मास्तर ताट घेऊन परत माझ्याकडं आले आणि कुजबुजले, "बघितलं? जलमभर सरकारचं फुकट औषध, आन पीराला पाच रुपये! पण असू द्या. पीर त्याचंबी भलं करो."

मी गल्ल्यातनं सहा रुपये काढले आणि साहेबांच्या पाचावर ठेवले. "हे साहेबांच्या नावचे."

मास्तर खुशीत पुढच्या दारी गेले. साहेबांनी पान उलटलं आणि पानाआडूनच म्हणाले,

"ते सहा मी देणार नाही हं, चौगुलेबाई."